पेरुजाची पाठशाळा

मध्य इटलीतील उंब्रिया प्रांताची राजधानी पेरुजा हे डोंगरमाथ्यावर वसलेले प्राचीन नगर आहे. रोमनांच्याही आधी येथे एत्रुस्कन लोक नांदत होते. त्यांनी उभारलेल्या तटाची एक भव्य वेस आजही शाबूत असून तिच्यासमोरच्या चौकात अठराव्या शतकातील गालेंगा प्रासाद आहे. परदेशीयांना इटालियन भाषा शिकवणारे विद्यापीठ या प्रासादात भरते. १९२१ साली येथे परदेशी पाहुण्यांसाठी वर्ग सुरू झाले आणि १९२५ साली त्यांना विद्यापीठाचे रूप आले. उन्हाळा लागला की जगाच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी ही चढण चढू लागतात.

एका बाकावर जपानी, दुसऱ्यावर ब्राझिलियन, तिसऱ्यावर अरब अशी वर्गाची रचना असल्यामुळे सर्वांना समजेल अशी दुसरी भाषा शिक्षकांपाशी नसते. साहजिकच पहिल्या दिवसापासून इटालियन इटालियनमधूनच शिकवली जाते. वर्ग सुटला तरी अभ्यास सुटत नाही. भाजीवाला, घरमालकीण, बसचा चालक हे सारेच नकळत गुरुजी होतात. स्वदेशी असताना दहा माणसांत बोलण्यात पटाईत असलेला तरुण येथे चार शब्दांवर दिवस काढतो. वाणीवर संयम ठेवावा, मोजके आणि हितकर बोलावे, अशी भाषासमितीची शिकवण लहानपणी ऐकलेली असते. येथे ती परिस्थितीच पाळायला लावते.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी सोप्या जातात. इटालियन त आणि द हे दंत्यच आहेत. जवळच्या माणसाला ‘तू’ म्हणायचे आणि परक्याला वा वडीलधाऱ्याला आदरार्थी ‘लेइ’, हा भेदही ओळखीचाच. जोडाक्षराकडे मात्र डोळेझाक चालत नाही. ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे दुकानातला गल्ला. व्यापारी घरातल्या मुलाला हा फरक जन्मभर लक्षात राहील. अनेक कॉफीगृहांत आधी ‘कास्सा’वर पैसे भरून पावती घ्यायची आणि मग ती ‘बांको’वर, म्हणजे फळीवर दाखवायची, असा रिवाज आहे. सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसत त्या बाकाचे नाव हेच. जगभरच्या बँकांनी आपले नाव त्यावरूनच घेतले.

प्राकृताचा परिचय असलेल्यास येथे आणखी एक मौज दिसते. संस्कृतातील ‘सप्त’ प्राकृतात ‘सत्त’ झाले, ‘अष्ट’चे ‘अट्ठ’ झाले. लॅटिनमधील ‘सेप्तेम’ आणि ‘ओक्तो’ यांची इटालियनमध्ये ‘सेत्ते’ आणि ‘ओत्तो’ अशी रूपे झाली. पंडितांची भाषा लोकांच्या मुखात आली की ती कशी मृदू होते, याचे हे दोन समांतर दाखले. भगवान महावीरांनी उपदेशासाठी अर्धमागधी ही लोकभाषा स्वीकारली, तिच्या मोलाची जाणीव अशा वेळी नव्याने होते.

खरी कसोटी लागते ती भोजनाच्या वेळी. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे वाक्य पुरत नाही. टोमॅटोच्या साध्या रश्श्यातही कांदा-लसूण असतो. पार्मेजान चीज जमवण्यासाठी वासराच्या जठरातील विरजण वापरतात. ताज्या पास्त्यात पुष्कळदा अंडे असते. काही घरी तव्यासारख्या दगडावर भाजलेल्या ‘तोर्ता अल तेस्तो’ या भाकरीत चरबी घालतात. हे सारे विचारल्याखेरीज कळत नाही आणि विचारण्यासाठी भाषा हवी. ‘सेंत्सा चिपोल्ला, सेंत्सा आल्यो, सेंत्सा पाताते’, म्हणजे कांद्याविना, लसणाविना, बटाट्याविना, हे शब्द व्रतस्थ विद्यार्थी व्याकरणाआधी शिकतो. संकोचाने गप्प बसला तर दोनच वाटा उरतात : उपाशी राहणे किंवा नियम मोडणे. धिटाईने विचारले तर तिसरी वाट उघडते. उंब्रियात केवळ पीठ आणि पाणी यांचा ‘उंब्रिचेल्ली’ हा जाड शेवयांसारखा पास्ता मिळतो. कास्तेल्लुच्चोच्या पठारावरील मसूर प्रसिद्ध आहे. जून महिन्यात सूर्य मावळायला पावणेनऊ वाजतात, त्यामुळे रात्रिभोजनत्यागही सहज सांभाळता येतो. ऑगस्ट सरत आला की मात्र दिवस आखडतो आणि भोजनाची वेळ आधी साधावी लागते.

शिकता शिकता काम करावे असे अनेकांना वाटते. दीर्घ मुदतीच्या शिक्षणासाठी निवासाचा परवाना मिळालेल्या विद्यार्थ्यास आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करण्याची मुभा असते. अल्प मुदतीच्या व्हिसावर ती नसते, हे निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. काम मिळाले तर भाषेला वेग येतो. गल्ल्यावर उभे राहून मोड देताना आकडे जेवढे पाठ होतात तेवढे वहीत लिहून होत नाहीत.

व्यापारी कुळातील पाहुण्याने या शहरातील प्रिओरी प्रासाद अवश्य पाहावा. त्यात सराफांच्या आणि व्यापाऱ्यांच्या महाजनांची जुनी सभागृहे आहेत. सराफांच्या सभागृहाच्या भिंती पेरुजिनो या थोर चित्रकाराने रंगवल्या. याच नगरात १४७७ पासून काही वर्षे लुका पाचोली गणित शिकवीत होते. द्विनोंदी हिशेबपद्धती व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत आधीच रूढ होती. १४९४ साली पाचोलींनी तिचे विवेचन छापील ग्रंथात केले, तेही विद्वानांच्या लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियनमध्ये. वहीच्या आरंभी ईश्वराचे स्मरण आणि पवित्र चिन्ह असावे, असे त्यांनी सांगितले. वहीपूजनाच्या दिवशी पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिणाऱ्यांना यात परकेपणा वाटणार नाही. आपण जमा आणि नावे म्हणतो, तेथे ‘दारे’ आणि ‘आव्हेरे’, म्हणजे देणे आणि असणे, असे दोन रकाने असतात.

ही वाट एकाच दिशेने गेलेली नाही. उदिने या इटालियन गावी १८८७ साली जन्मलेले लुईजी पिओ तेस्सितोरी यांनी फ्लॉरेन्समध्ये भारतीय भाषांचा अभ्यास केला, तेथील जैन हस्तलिखितांच्या आधारे जुन्या पश्चिम राजस्थानीचे व्याकरण लिहिले आणि १९१४ साली ते भारतात आले. आचार्य विजयधर्मसूरींशी त्यांचा निकटचा स्नेह होता. १९१९ साली वयाच्या ३१ व्या वर्षी बिकानेरला त्यांचा देह पडला. आपल्या भांडारांतील पोथ्यांची भाषा समजून घेण्यासाठी एक परदेशी तरुण घरदार सोडून आला होता. पेरुजाची चढण चढणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्यांचे नाव ठाऊक असावे.