काळजाचे आठ तुकडे

दर रविवारी कर्जतच्या मटणवाल्याला 'पाव किलो काळीज' असं खुशाल सांगणारा मी, त्या दिवशी मुंबईत डॉक्टरांसमोर मात्र मुकाट बसलो होतो. खालापूरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची दहा महिन्यांची लेक जन्मतःच पित्तनळ्या बंद घेऊन आली होती. पोर हळदीसारखी पिवळी. आता उपाय एकच, दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा. यकृत म्हणजे आपलं काळीजच की हो!

डॉक्टरांनी कागदावर आंबोळीसारखं काहीतरी काढून तिचे आठ भाग पाडले. ही वाटणी १९५७ सालची, कुइनो नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाची. प्रत्येक भागाला रक्त आणणारी वाहिनी वेगळी, पित्त नेणारी नळी वेगळी. मला चटकन उमगलं. एका बँकेच्या आठ शाखा! एक बंद केली तरी बाकीच्यांचे व्यवहार चालू. मोठ्या माणसाला सहसा पाच ते आठ हे उजवे भाग देतात. तान्ह्या पोराला दुसरा आणि तिसरा पुरतो. १९९८ साली दिल्लीत एका बापाने वीस महिन्यांच्या मुलाला असाच तुकडा दिला. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला.

मेहुण्यांचा रक्तगट जुळेना. बहिणीचा जुळत होता, पण काळजीने ती आधीच अर्धी झालेली. मी घसा खाकरून म्हटलं, "माझं घ्या." पाय लटपटत होते, पण ते टेबलाखाली.

पहिली हरकत कायद्याची. १९९४ च्या कायद्यात आई, बाप, भाऊ, बहीण जवळचे, मामा नाही! त्याला समितीची परवानगी लागते. जिथे चांदोबासुद्धा मामा, तिथे ही गत. दुसरी हरकत सोनोग्राफीची. यकृतावर चरबी! कर्जत स्टेशनवरच्या बटाटेवड्यांची चाळीस वर्षांची मुदत ठेव व्याजासकट दिसत होती.

शेवटी बहिणीनेच दिलं. "अगं, भीती नाही वाटत?" मी विचारलं. "दादा, तू बाहेर घाबर. तेवढं पुरे," ती म्हणाली.

कापलेला भाग पुन्हा उगवत नाही, पण उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून तूट भरून काढतं. आमच्या बँकेत अशी योजना नाही.

भाची आता चार वर्षांची आहे, आणि मला घोडा करते. स्टेशनवर वडेवाला अजून हाक मारतो. मी मान फिरवतो. न जाणो, उद्या कुणाला लागलंच, तर आठातले दोन तरी देण्याजोगे असावेत.