सांधा कोण जोडतो?

रोबोट मध्येच थांबला की पहिला संशय कोडवर घेतला जातो. आमचा याला आक्षेप आहे. रोबोकॉनसारख्या स्पर्धेत नेहमी दिसणारे चित्र असे: लॅबमध्ये तासन्‌तास चाललेला रोबोट मैदानात पहिल्याच धक्क्याला बंद पडतो, दोन सेकंदांनी आपोआप चालू होतो आणि अख्खी टीम लॅपटॉपभोवती गोळा होते. अरे, आपोआप चालू झाला याचा अर्थ कंट्रोलर रिसेट झाला. आणि धक्का बसताच तो रिसेट होत असेल तर बहुधा त्याची वीज काही मिलिसेकंद तुटली आहे. कुठेतरी एक सांधा हलतो आहे. तो लॅपटॉपमध्ये सापडत नाही, एकेक वायर हाताने हलवून पाहावी लागते.

ती कोणी हलवायची? मुळात प्रश्न इथेच आहे. टीममध्ये कोड लिहिणारा सर्वात हुशार, डिझाइनवाला त्याच्या खालोखाल, आणि वायरिंग उरलेल्याच्या गळ्यात, तेही स्पर्धेच्या आदल्या रात्री. ही उतरंड आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. हाताचे काम खालचे, हे एकदा मनात बसले की ते काम तपासणेही कमीपणाचे वाटते. मग न तपासलेला सांधा मैदानात जातो.

आम्हाला हे काम शिकवले ते आयटीआयमधून वायरमन झालेल्या एका दादाने. आम्ही मल्टिमीटरची बीप ऐकवून कनेक्शन ओके असल्याचे त्याला दाखवत होतो. तो म्हणाला, "बीप वाजली म्हणजे तार पोचली एवढंच कळतं. लोड घेईल का, ते कुठं कळलं?" बरोबरच आहे. वायरमधली एकच बारीक तार टेकलेली असली तरी बीप वाजते.

हिशेब करून पाहा. सांध्याचा रोध 10 मिलिओहम, म्हणजे ओहमचा शंभरावा भाग. त्यातून 40 अँपिअर गेले की 0.4 व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि 16 वॉट उष्णता तयार होते. साधा सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचा असतो. म्हणजे आपण रोबोटच्या पोटात एक छोटा सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून त्याला पळायला सांगतो! सांधा तापतो, तापून सैल होतो, सैल झाला की रोध वाढतो, आणि आणखी तापतो.

तपासायची रीत सोपी आहे. मोटरवर लोड द्या, साधारण 10 अँपिअर वाहू द्या, आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोके सांध्याच्या दोन बाजूंना लावा. चांगल्या सांध्यावर चार-पाच मिलिव्होल्ट दिसतात. 100 दिसले तर तो वर सांगितलेला 10 मिलिओहमवाला सांधा. कापून नवा करा.

"सोल्डर केले की पक्के" असा युक्तिवाद नेहमी होतो. तो अर्धाच खरा आहे. सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतो आणि तेवढा भाग कडक होतो. कंपनाने वायर नेमकी त्या कडक भागाच्या कडेला तुटते. स्क्रूच्या टर्मिनलखाली सोल्डर लावलेले टोक दाबले तर मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतो आणि महिन्याभरापूर्वी आवळलेला स्क्रू सैल सापडतो. तिथे थिंबल हवे, योग्य मापाचे, क्रिम्परने दाबलेले. पक्कडीने चेपलेले थिंबल दिसायला तसेच असते, पण जोरात ओढले की हातात येते. एक्सटी-60 कनेक्टरला मात्र सोल्डरच लागतो. तिथे हीट श्रिंक घाला आणि मागची वायर फ्रेमला बांधा, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही.

लाल इमर्जन्सी बटणाबद्दलही एक सांगायला हवे. बाजारातल्या साध्या बटणावर लिहिलेले 10 अँपिअर एसीचे असतात. डीसीची ठिणगी लवकर विझत नाही, तिथे तेच बटण चिकटून बसू शकते. बटणाने कॉन्टॅक्टर चालवावा आणि मोटरचा करंट कॉन्टॅक्टरने तोडावा.

पुण्याने 2008 आणि 2014 साली आशियाई रोबोकॉन भरवली. 2008 चा विषयच गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी होती. अशा स्पर्धांच्या पिटमध्ये आजही रोबोटपुढे नारळ फोडणारे, फ्रेमला लिंबू-मिरची बांधणारे इंजिनिअर भेटतात. नारळाने सांध्याचा रोध कमी झालेला आम्ही तरी मोजलेला नाही. मीटर नेऊन ज्याला मोजायचे त्याने जरूर मोजावे.

आमच्या टीममध्ये आता नवा येणारा, कोडवाला असो की डिझाइनवाला, आधी वीस थिंबल दाबतो आणि ती दुसऱ्याकडून ओढून तपासून घेतो. चांगला क्रिम्पर महाग पडतो हे खरे. वस्तीजवळच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तो असतो. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाले की मालक वापरायला देतात. जाताना आपली वायर आणि थिंबल घेऊन जा, आणि काम सुरू करण्याआधी त्यांचा हात कसा चालतो ते बघून घ्या.