उजळणी

माझ्या बायकोचं डायलिसिस २०१९च्या पावसाळ्यात सुरू झालं. सोमवार आणि गुरुवार, सकाळी सातचा नंबर. ती आत चार तास यंत्राला जोडलेली असायची आणि मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून प्रार्थना करायचो. प्रार्थना कसली, अर्जच तो. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे विषय, संदर्भ, ‘विनंती विशेष’ हे सगळं हाताच्या सवयीचं. विषय एकच, तिची किडनी. तीन वर्षं रोज तोच अर्ज. २०२२च्या जुलैत ती गेली. अर्ज नामंजूर झाल्याचं कुणी कळवलं नाही. प्रकरण निकाली निघालं, एवढंच.

त्यानंतरही मी चर्चला जात राहिलो. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं आमचं; रविवारी चर्चला न जाणं म्हणजे सकाळी तोंड न धुण्यासारखं. पण गायनाला उभा राहिलो की ओठ उघडेनात. आमच्या ‘उपासना संगीता’त रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी पदं आहेत. अभंगाच्या, भजनाच्या चालीवरची ती पदं बायको भाकरी थापताना म्हणायची. भाकरीवर पडणारी थाप हाच तिचा ताल. आता चर्चमध्ये पेटीवर सूर धरला की मला थाप ऐकू यायची, आणि मी पुस्तकात बघत नुसता उभा राहायचो. दुःख तर होतंच. त्याहून जास्त राग होता, आणि देवावर राग धरणं आमच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

हे पाळकसाहेबांच्या लक्षात आलं असावं. समजूत काढायला ते आले नाहीत, काम घेऊन आले. नेवासे तालुक्यात घोडेगावच्या पुढं आत एका वस्तीवर छोटी मंडळी आहे. पाळकसाहेबांकडे अशी पाच गावं. महिन्यातून एकदाच त्यांचं तिकडं जाणं होई. “मास्तर, बाकीचे रविवार तुम्ही उपासना घ्या. वचन वाचा, दोन शब्द बोला, प्रार्थना करा.” मला म्हणायचं होतं की प्रार्थनाच तेवढी सांगू नका. पण मास्तरला नाही म्हणायची सवय नसते. २०२३च्या जानेवारीत नगरच्या तारकपूर स्टँडवरून अर्ध्या तिकिटात एसटीनं निघालो.

पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, पुढं एक टेबल आणि त्यावर स्वच्छ पांढरं कापड. बाहेर लिंबाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. पोरगं ती वाजवायचं आणि मग दहा-बारा बाया, तीन-चार म्हातारे, एक ढोलकीवाला आणि ज्यांना आयांनी धरून आणलंय अशी काही मुलं, इतकी मंडळी गोळा व्हायची.

पहिल्या रविवारी मी नगरहून लिहून आणलेली प्रार्थना वाचली. शुद्ध भाषा, नीट परिच्छेद. मग विचारलं, “आणखी कुणाला प्रार्थना करायचीय?” पुढच्या सतरंजीवरून एक म्हातारी सुरू झाली. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो.

“बापा, रात सुखाची गेली. सकाळ दावली. पाय दुखत्यात, पन हायेत. बोअरला पानी हाये. कोंबडी अंड्यावर बसली. सुनंचा ताप उतारला. थोरल्यानं सहा म्हैनं झालं तोंड दावलं न्हाई, ते तुला म्हाईतच हाये. आज भाकरी खाल्ली. तुझं उपकार बापा.”

बाकीच्या बायांनी “आमेन” म्हटलं. खरं सांगतो, मला हसू आलं होतं. कोंबडी आणि थोरला मुलगा एकाच दमात! आणि पुढच्या रविवारी जवळजवळ तीच प्रार्थना. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. रात, सकाळ, पाय, बोअर, कोंबडी. मला आठवले ते शाळेतले पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी. पोरं हेल काढून म्हणत असतात, डोकं भलतीकडंच असतं. ही पाठ केलेली भक्ती, असा शेरा मी मनात मारून टाकला.

उपासनेच्या तयारीसाठी मात्र मला वाचावं लागे. ज्या वर्षी देवाशी बोलणं बंद होतं, त्याच वर्षी मी बायबल सगळ्यात जास्त वाचलं, ही गंमतच. दीडशे स्तोत्रांत तक्रारीची किती आहेत हे आयुष्यभर चर्चला जाऊनही मला नीट कळलं नव्हतं. देवा, कुठं गेलास, किती दिवस लपणार, असं तोंडावर विचारणारी. बहुतेकांचा शेवट स्तुतीकडं वळतो. अठ्ठ्याऐंशीवं मात्र अंधारातच संपतं, आणि तरीही ते पुस्तकातून कुणी काढून टाकलेलं नाही. मला त्या स्तोत्राचा फार आधार वाटला. पौलाचं थेस्सलनीकाकरांस लिहिलेलं पहिलं पत्र वाचताना भाषेच्या मास्तरची नजर एका प्रत्ययावर अडली. सगळ्या परिस्थितीत आभार माना, असं तो सांगतो. सगळ्या परिस्थितीबद्दल माना, असं नव्हे. एका ‘त’चा फरक. म्हणजे किडनीबद्दल आभार मानायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते ओझं मी माझं मीच घेतलं होतं.

हे कळलं, पण ओठ उघडले नाहीत. कळणं आणि उघडणं यांत अंतर असतं. टिळकांचंच बघा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते थांबले, आणि दोन वर्षांनी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचून पटलेला माणूस. लक्ष्मीबाई मात्र नवऱ्याच्या मागून फरफटत गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या आणि स्वतःच्या पायांनी चालत पाच वर्षांनी, १९०० साली तिथं पोचल्या. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! पण ही पाच वर्षं मी नेहमी एका वाक्यात उरकत असे. आता त्याच वर्षांत मी राहत होतो.

जुलै आला. तिला जाऊन वर्ष होत होतं, आणि त्या तारखेलगतचाच रविवार. मी गावात कुणाला काही बोललो नव्हतो. वचन वाचलं, दोन शब्द बोललो, प्रार्थनेला उभा राहिलो. “हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो...” इथंच थांबलो. पुढचं वाक्य कागदावर लिहिलेलं होतं, पण दिसेना. ढोलकीवाला खोकला. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. पत्र्यावर पावसाचे चार थेंब वाजले. आणि पुढच्या सतरंजीवरून, डोळे मिटलेलेच ठेवून, आत्याबाईंनी विचारलं, “मास्तर, बाईंचं नाव काय?”

मी नाव सांगितलं. वर्षभरात ते मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

मग त्यांनी माझी तुटलेली प्रार्थना उचलली. “बापा, ही लेक तू धाडली. मास्तरानं चाळीस वरीस तिच्या हातचं खाल्लं. तिनं पोरं वाढवली, मास्तराला सांभाळलं. दुखन्यात कळ काढली. तू न्हेली, का न्हेली ते तुझं तुला ठावं. पन धाडली व्हती, त्याचं उपकार बापा.”

सगळ्यांनी “आमेन” म्हटलं. मीही म्हटलं.

तीन वर्षं मी एकच मागत होतो, तिला नेऊ नकोस. ती आली होती त्याबद्दल मी कधी एक शब्द बोललो नव्हतो. एकोणचाळीस वर्षांचा संसार मी गृहीत धरला होता, आणि हिशेब मांडला होता तो फक्त शेवटच्या तीन वर्षांचा. एक वर्ष आत्याबाईंनी जास्त धरलं होतं, पण हिशेब त्यांचाच बरोबर होता.

उपासना संपल्यावर त्यांनी चहाला बसवलं. मी विचारलं, “आत्याबाई, ही प्रार्थना तुम्हाला कुणी शिकवली?”

“सासूनं. तिला बायबलबाईनं शिकवलेली. वाचाया तिला न्हाई यायचं, मला बी न्हाई येत. रोज सकाळी म्हनायची, आन मी मागनं म्हनायची.”

“आणि तेव्हापासून रोज?”

“पैली दहा वरसं नुसती तोंडानंच म्हनली की. सासूच्या भ्यानं.”

“मग?”

“मग काय? म्हनता म्हनता खरी झाली.”

छत्तीस वर्षं मुलांकडून उजळणी करून घेणाऱ्या मास्तरला हे कुणी सांगावं लागावं! पावकी-निमकी म्हणणाऱ्या पोराला अर्थ कुठं कळत असतो? पण तेच पोर पुढं बाजारात उभं राहिलं की सव्वा किलोचा हिशेब आपोआप जिभेवर येतो. आधी विश्वास पक्का होईल, मग मी आभार मानीन, अशी माझी वाट बघणं चाललं होतं. पाढा येईल तेव्हा पाठ करीन, असं म्हणणाऱ्या मुलाला मी वर्गात काय म्हटलं असतं?

एक गोष्ट मात्र मी पक्की धरून ठेवली आहे. त्या पाढ्यात थोरल्या मुलाची ओळ होती. आत्याबाई ती कधी गाळत नसत, आणि तिला गोडही करत नसत. आभाराच्या यादीत तक्रारीलाही जागा होती, म्हणून ती यादी खोटी वाटत नव्हती. आणि त्या यादीतली भाकरी? आमच्या लोकांना टोमणा असतो, दुष्काळात भाकरीसाठी बाटले. माझा पणजोबा १८७६ ते ७८च्या त्या मोठ्या दुष्काळातून जगलेला. या टोमण्यानं मी लहानपणी मान खाली घालायचो. आता वाटतं, ज्यानं शिष्यांना रोजची भाकरी मागायला शिकवलं आणि जिवावर बेतलेल्या रात्रीही भाकरी हातात घेऊन आधी आभार मानले, त्याच्या दारात भाकरीचं नाव घ्यायला लाज कसली? प्रभुभोजनाला ग्रीकमध्ये जो शब्द पडला, त्याचा अर्थही आभार मानणं असाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून मी माझी उजळणी सुरू केली. मोठ्यानं, कारण पाढे मनात म्हणून पाठ होत नाहीत. रात गेली. गुडघा दुखतो, पण जिना चढतो. मुलीचा फोन आला. नळाला पाणी आलं. ती होती. ती नाही, ते तुला माहीतच आहे. सुरुवातीला आपलाच आवाज ऐकून ओशाळायला व्हायचं. कित्येक दिवस नुसती तोंडानंच म्हटली. दहा वर्षं हातात आहेत की नाही कोण जाणे, पण सुरुवात झाली. त्यातल्याच एका सकाळी चहा गाळता गाळता मी तिच्या आवडीचं पद गुणगुणतोय हे माझ्या लक्षात आलं. थाप ऐकू येतच होती. या वेळी मी तिच्या तालावर होतो.

नोव्हेंबरात त्या मंडळीचा हंगामाचा सण झाला. शेतात पिकलं त्यातलं पहिलं देवापुढं आणायचं, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा, पैसा चर्चच्या कामाला. टेबलाभोवती बाजरी, कांदे, ऊस, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेला एक कोंबडा. आत्याबाईंची अंडी पितळीत. मला ना शेत ना कोंबडी. माझ्या पिशवीत एक बरणी होती. तिनं शेवटचं घातलेलं लिंबाचं लोणचं, दीड वर्षं फळीवर तसंच. उघडवत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. मी ती टेबलावर ठेवली.

लिलावात मेथीची जुडी तीनशेला गेली. लोणच्याला ढोलकीवाल्यानं पन्नास म्हटलं, आत्याबाईंनी एक्कावन्न म्हटलं, आणि त्यानंतर कुणीच बोली वाढवली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी तिथंच पंगत बसली. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, आणि प्रत्येकाच्या पानात लिंबाची एकेक फोड. वर्षं झालेली फोड, काळी पडलेली, तोंडात टाकताच विरघळणारी. मला वाढताना आत्याबाई म्हणाल्या, “मीठ बरुबर हाये बाईंचं.”

पुढच्या रविवारी बरणी परत आली. आमच्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीत. धुऊन, पुसून, तोंडापर्यंत शेंगदाणे भरलेली. सकाळच्या उजळणीत त्या बरणीची ओळ आता पाण्याच्या नंतर येते.