तीन काठ्यांचा लाव्वू

उत्तर नॉर्वेतल्या हिवाळी सहलीचा आराखडा साधारण ठरलेला असतो. ट्रोम्सोला विमानातून उतरायचं, उसना जाड पोशाख आणि बूट चढवायचे. मग एक दिवस कुत्र्यांची घसरगाडी, एक दिवस स्नोशू बांधून बर्फातली चाल, एखादी रात्र गाइडबरोबर उत्तरप्रकाशाच्या मागावर, आणि एक दिवस रेनडिअरसाठी. त्या दिवसाच्या कार्यक्रमात अगदी खाली लिहिलेलं असतं: ‘लाव्वूमध्ये गरम जेवण’. माझ्या मते साऱ्या सहलीचा खरा यजमान त्या शेवटच्या ओळीत बसलेला आहे.

लाव्वू म्हणजे सामी लोकांचा तंबू. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प अशा चार ठिकाणी सामींची भूमी विभागली गेली. लाव्वू मात्र या सरहद्दी आखल्या जाण्याच्या आधीपासूनचा. अंगाने ठेंगणा, बुडाशी ऐसपैस. वरच्या टोकाला दुबेळके असलेल्या तीन काठ्या एकमेकींत अडकवल्या की त्याचा सांगाडा उभा राहतो. बाकीच्या काठ्या त्यांच्यावर गोलाकार रेलतात आणि वरून आच्छादन गुंडाळलं जातं. वारा अडवायला झाड नसलेल्या माळावर उंच तंबूचं काय होईल, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो खाली बसकण मारतो. दोऱ्यांच्या ताणापेक्षा त्याचा भरवसा स्वतःच्या बैठकीवर. नेसण काळाप्रमाणे बदलत गेली: आधी रेनडिअरची कातडी, मग लोकरीची विणलेली जाड वस्त्रं, पुढे कॅनव्हास. बांधा मात्र तोच राहिला.

आत शिरताना वाकावंच लागतं. मधोमध दगडांच्या वर्तुळात चूल, तिला सामी भाषेत ‘आर्रान’ म्हणतात. जमिनीवर बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्या अंथरलेल्या, त्यांवर रेनडिअरची केसाळ कातडी. रेनडिअरचा केस आतून हवेने भरलेला असतो, त्यामुळे खालचा गारठा वर येत नाही. धूर माथ्यावरच्या उघड्या तोंडातून जातो. वाऱ्याची दिशा बदलली की लाव्वू कुरकुरतो, डोळ्यांत पाणी आणतो. मग कुणीतरी दाराची कड थोडी उचलून त्याला हवा देतं आणि तो शांत होतो. त्याच्याकडे बसायची रीतही आहे. दारासमोरची, चुलीमागची जागा ‘बोआश्शू’. तिथे भांडीकुंडी आणि जुन्या काळी पवित्र मानलेल्या वस्तू असत. तिथून कुणी ये-जा करायची नाही.

हे घर पाहुण्यांसाठी जन्मलेलं नाही. रेनडिअरचे कळप थंडीत आतल्या पठारावर, कोरड्या बर्फाखालचं दगडफूल उकरून खातात आणि वसंतात किनाऱ्याकडे निघतात. माणसं त्यांच्या मागे, लाव्वू माणसांच्या मागे. आपल्याकडे मेंढ्यांच्या मागोमाग धनगरांचा वाडा रानोरान हलतो, तसाच. आतल्या भागातली थंडी म्हणजे काय, याचा एक आकडा पुरे: नॉर्वेतलं आजवरचं सर्वांत कमी तापमान, उणे ५१.४ अंश, १८८६ च्या पहिल्या जानेवारीला कारासयोकला नोंदलं गेलं. अशा मुलखात पातळ आच्छादन आणि मधली चूल यांच्या जोरावर पिढ्या वाढल्या.

पण त्याची सर्वांत मोठी कामगिरी माळावरची नाही, राजधानीतली आहे. नॉर्वेच्या सरकारने पिढ्यान्‌पिढ्या सामी मुलांना निवासी शाळांत ठेवून नॉर्वेजियन बनवायचा उद्योग केला. घरची भाषा बोलायला बंदी. योइक हे त्यांचं गाणं मिशनऱ्यांनी पाप ठरवलं. अशात अल्ता-काउतोकेइनो नदीवर धरण बांधायचं ठरलं. पहिल्या आराखड्यात मासी हे अख्खं सामी गाव पाण्याखाली जाणार होतं. ते वगळलं गेलं, तरी चराईच्या वाटा आणि नदी धोक्यात होतीच. ऑक्टोबर १९७९ मध्ये सामी तरुण ऑस्लोत आले आणि त्यांनी थेट संसदेसमोर लाव्वू उभा केला. तिथेच उपोषणाला बसले. एरवी दूर उत्तरेत राहणारं, कुणाच्या नजरेला न पडणारं घर एका रात्रीत देशाच्या उंबरठ्यावर येऊन बसलं. काही दिवसांत सरकारला काम तात्पुरतं थांबवावं लागलं.

लढाई त्याने जिंकली असं म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि १९८७ मध्ये धरण पुरं झालं. पण सामींचा प्रश्न पुन्हा झाकता आला नाही. १९८९ मध्ये कारासयोकला सामी संसद सुरू झाली, आणि २००० साली तिची नवी इमारत उघडली तेव्हा सभागृहाला आकार दिला होता लाव्वूचा. १९७९ मध्ये ज्या संसदेसमोर तो बसला होता, त्या संसदेने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये या नॉर्वेजियनीकरणाबद्दल सामींची औपचारिक माफी मागितली.

आज ट्रोम्सोच्या आसपास तो पर्यटकांना जेवायला घालतो. पातेल्यात ‘बिदोस’ रटरटत असतो: रेनडिअरचं मांस, बटाटे, गाजरं, लग्नकार्यात शिजणारा पदार्थ. शाकाहारी मंडळींनी आधी सांगितलं तर त्यांच्यासाठी वेगळं सूप होतं. जेवणानंतर यजमानांपैकी कुणी योइक म्हणतं, कळपाच्या गोष्टी सांगतं. याला कुणी नुसता देखावा म्हणालं तर मला ते पटत नाही. हल्ली ऐन थंडीत पाऊस पडतो, तो बर्फावर गोठून कडक थर बनतो आणि खालचं दगडफूल जनावरांना मिळत नाही. मग चारा विकत आणावा लागतो. अशा वेळी पाहुण्यांकडून येणारा पैसा त्या कुटुंबाला कळप राखायला हातभार लावतो. कुत्र्यांच्या गाड्या मजेच्या आहेत, पण ती इथल्या सामींची रीत नव्हे; त्यांची घसरगाडी रेनडिअरच ओढत आले.

महाराष्ट्रातूनही आता उत्तरप्रकाश पाहायला मंडळी जातात. प्रकाश दिसेल की नाही हे ढगांच्या हाती. लाव्वूतली बैठक मात्र नक्की मिळते. म्हणून तुम्ही गेलात तर सामी कुटुंब स्वतः चालवतं ती सहल निवडा. त्यांचा ‘गाक्ती’ हा पोशाख फोटोपुरता अंगावर चढवायला मागू नका. त्याच्या रंगांत आणि पट्ट्यांत घालणाऱ्याचा मुलूख आणि घराणं असतं. चुलीमागून जाऊ नका. योइक सुरू असताना मोबाइल खिशात ठेवा. आणि सूप संपल्यावर बसकडे धावण्याआधी यजमानांना त्यांच्या कळपाबद्दल, अल्ताबद्दल विचारा.