थांबलेल्या माणसांचा भाव

माझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत डॅलस स्माइथ आहे. कॅनडाचा अभ्यासक. जाहिरातींवर चालणारी माध्यमं कार्यक्रम विकत नाहीत, ते बघणारी माणसं जाहिरातदाराला विकतात, असं त्यानं १९७७ साली मांडलं. हे मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. कळलं ते बंगळुरूच्या मारतहळ्ळीत, बोर्ड रंगवणाऱ्या एका काकांमुळे. त्यांचं नाव सूचीत कुठे घालायचं?

काका खानापूरकडचे. घरात मराठी, हातात कन्नड. मुन्नेकोळलमधल्या आमच्या पीजीखाली त्यांचा गाळा होता. फ्लेक्स आला तशी ब्रशची कामं गेली. उरल्या नंबरप्लेटी आणि 'टू-लेट'च्या पाट्या. मराठी कानावर पडावं म्हणून मी तिथं जाऊन बसायची, काकू चहा द्यायच्या. काका खडू लावलेला दोरा ताणून पत्र्यावर रेघ उठवायचे, काठीवर मनगट टेकायचे आणि कन्नड अक्षराचा गोल एका दमात ओढायचे. अक्षराच्या डोक्यावरची खूण, तलकट्टू, शेवटी.

एकदा रंग आणायला त्यांच्या स्कूटरवरून निघालो आणि कुंदलहळ्ळी गेटच्या सिग्नलला अडकलो. तिथला अंडरपास तेव्हा व्हायचा होता. समोर एका बिल्डरचं होर्डिंग.

"ह्याचं भाडं पुलाकडच्यापेक्षा जास्त. का सांग बघू?"

"मोठं असेल."

"माप एकच. हितं गाड्या थांबतात की! थांबलेलं माणूस वर बघतंय. भाडं जागेचं नव्हं पोरी, तुझ्यामाझ्या थांबण्याचं."

मागं हॉर्नचा कल्लोळ चालला होता आणि मला स्माइथ समजत होता. आपण ज्या ट्रॅफिकला शिव्या घालतो तोच कुणाचा तरी माल आहे. मोजक्या रुपयांत पेपर दारात पडतो, त्याच्या छपाईचाही खर्च त्यातून निघत नाही. बाकीचे पैसे आपल्या नजरेचे येतात. फुकटच्या वाहिन्यांचं, फोनवरच्या रिळांचंही तेच.

'टू-लेट'च्या पाट्यांवरचं त्यांचं मत तर माझ्या एका प्रकरणाचा कणाच झालं. 'ओन्ली फॅमिली', 'ओन्ली व्हेज' रंगवताना ते म्हणाले, "ह्यो बोर्ड बोलावतंय कमी, हाकलतंय जास्त." जाहिरात कुणाला हाक मारते हे आम्ही वर्गात मोजायचो, कुणाला वगळते हे मोजायला मी त्यानंतर लागले.

ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं बेकायदा फ्लेक्सवरून महापालिकेला फैलावर घेतलं आणि शहरभर फ्लेक्स उतरले. पालिकेनं वर्षभर होर्डिंगबंदीचा ठरावही केला. रिंग रोडवर नुसते लोखंडी सांगाडे. मला वाटलं, काका खूश होतील. त्यांना काळजी फ्लेक्स लावणाऱ्या पोरांची. त्यांच्या हातातलं काम गेल्यावर ती कुठं जाणार, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

पुढे २०२४ च्या सुरुवातीला पाट्यांवर साठ टक्के कन्नडची सक्ती झाली, दुकानदारांची धावपळ उडाली. मी तेव्हा पुण्याला परतले होते. फोन केला तर काकांना बोलायला उसंत नव्हती. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या हातून मारतहळ्ळीची दुकानं कन्नड होत होती, आणि यात काही गंमत आहे असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

प्रबंध झाल्यावर मी त्यांना स्माइथबद्दल सांगितलं: तुम्ही सिग्नलला बोललात तेच यानं लिहून ठेवलंय.

"कॅनडाचा म्हणतीस? मग त्याला कुंदलहळ्ळी गेट कसं ठाऊक?"