माती : अंगाला आणि पोटाला

चिकणमातीचे कण साधारणपणे २ मायक्रोमीटरपेक्षाही बारीक असतात. फेल्डस्पारसारखी खनिजे पाण्याने झिजून, बदलून ती तयार होते. तिच्या स्फटिकांत पातळ पापुद्र्यांची चळत असते. मुलतानी मातीतील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पाणी, क्षार आणि अनेक सेंद्रिय पदार्थ त्यांना चिकटतात. पापुद्र्यांच्या आतल्या बाजू धरल्या तर त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. मातीचे बहुतेक पारंपरिक उपयोग आणि काही धोकेही या धरून ठेवण्याच्या गुणातून आले आहेत.

मुलतानी मातीचे खडे रात्रभर भिजत घातले की आपोआप फुटतात. वरचा मऊ गाळ लेपासाठी घ्यायचा, तळाची कच टाकून द्यायची. सुकता सुकता लेप त्वचेवरचे तेल आणि मळ शोषून घेतो. तो कडक होऊन तडकण्याआधीच धुवावा, नाहीतर कोरडी त्वचा ओढल्यासारखी होते. केस धुण्यासाठीही हीच माती वापरतात. निसर्गोपचारात पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवतात. तिच्यातले पाणी सावकाश उडते, म्हणून थंडावा बराच वेळ टिकतो. गांधीजींचा या उपचारावर मोठा विश्वास होता. त्यांच्या प्रेरणेने १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. तालमीच्या हौद्यातील लाल माती मात्र चाळून, ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मुद्दाम मुरवावी लागते.

माती पोटात घेण्याची प्रथाही जुनी आहे. ग्रीसमधील लेम्नोस बेटावरच्या मातीच्या वड्या शिक्का मारून विषावरचा उतारा म्हणून विकल्या जात. दुसऱ्या शतकात वैद्य गॅलन ती माती पाहायला बेटावर गेला होता. अँडीज पर्वतातील आयमारा आणि केचुआ लोक कडू रानबटाटे मातीच्या पातळ कालवणात बुडवून खातात. बटाट्यांतील विषारी ग्लायकोअल्कलॉइड मातीला चिकटतात आणि कडवटपणाही कमी होतो. कॅलिफोर्नियातील पोमो लोक ओकच्या फळांच्या पिठात लाल माती मिसळून भाकरी भाजत. त्यामुळे पिठाचा तुरटपणा जाई. केओलिन ही पांढरी माती तर जुलाबावरचे औषध म्हणून आधुनिक औषधांच्या दुकानांतही पोचली.

पण जी माती विष धरून ठेवते, ती अन्नातील लोह आणि जस्तही अडवू शकते. चरकसंहितेत पांडुरोगाच्या पाच प्रकारांपैकी एक माती खाण्याने होणारा सांगितला आहे. इराणमध्ये खुजी राहिलेली, वयात न आलेली आणि माती खाणारी तरुण मुले डॉ. आनंद प्रसाद यांना आढळली. त्यांचे वर्णन १९६१ साली प्रसिद्ध झाले. यामागे जस्ताची कमतरता असावी, हा त्यांचा तर्क पुढील अभ्यासांनी ग्राह्य ठरवला. शिवाय न भाजलेल्या मातीतून जंतांची अंडी पोटात जाऊ शकतात, आणि काही मातींत शिसे व आर्सेनिकही असते.

गरोदरपणी माती किंवा खापरी खावीशी वाटणे आपल्याकडे डोहाळ्यांत मोडते. अनेकदा ते रक्तक्षयाचे लक्षण असते. अशा बाईला दटावू नये आणि हसूही नये. तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या व जंतांचे औषध द्यावे. लोहाची उणीव भरून निघाली की मातीची ओढही बहुधा ओसरते.