मुंबईत खोली कुठं घ्यायची

आमच्या घरात मुंबईला कुणी जायचं यावर रात्र-रात्र बोलणं चालायचं. जाऊन राहायचं कुठं, यावर मात्र कुणी चकार शब्द काढायचं नाही. ते आधीच ठरलेलं असायचं: गावचा गाळा. पोरगा मॅट्रिक नापास असो की आयटीआय पास, गोदीत लागणार असो की मस्जिद बंदरला गोणी उचलणार असो, त्याची वळकटी पहिल्यांदा गाळ्यातच पडायची.

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके एकमेकांना लागून. आमचं गाव जुन्नरात, आजोळ आंबेगावात, घोडेगावच्या पलीकडं. या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही. तरी समुद्राकडं जायची इथली वाट फार जुनी. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि जकात टाकायचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही. जुन्नरचा माल त्या घाटानं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडं उतरायचा. पुढं मालाऐवजी माणसं उतरू लागली. आमच्या वेळी ती आळेफाट्याहून माळशेज घाटातनं कल्याणला जाणाऱ्या एसटीत बसायची, पायाशी बाजरीचं पोतं आणि मांडीवर कुणाच्या तरी धाकट्या पोराला घेऊन.

गाळा म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला खुंट्या आणि खुंटीगणिक एक माणूस. खुंटीला सदरा, सदऱ्याखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीला गेलेल्याच्या जागेवर आडवा व्हायचा. त्यात डबेवाले असायचे, माथाडी असायचे, गिरणीतले, गोदीतले असायचे. मुंबईचे डबेवाले जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळचे, हे आता परदेशी पाहुण्यांनासुद्धा ठाऊक झालंय. पण ते रात्री कुठं झोपायचे, हे सहसा कुणी विचारत नाही. गाळ्याला एक कारभारी असायचा आणि त्याच्याकडं एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही. कोण कधी आला, कुणाच्या ओळखीनं आला, भाड्याचं किती दिलं, गावच्या जत्रेची वर्गणी किती, सगळं तीत. पहिला पगार होईस्तोवर नव्या माणसाकडनं भाडं घ्यायचं नाही, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडल्याचं आम्ही ऐकलं नाही.

आमचे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आरमाराच्या गोदीत वेल्डर होते. लायन गेटातनं आत जायचं, बिल्ला दाखवायचा. आत काय चालतं हे घरी सांगायचं नाही. तात्या तर जरा जास्तच सांगायचे नाहीत. नेव्हल डॉकयार्डातली जुनी सुकी गोदी १७५० साली लवजी वाडियांनी बांधली, हे आम्हाला शाळेतल्या मास्तरांकडनं कळलं. गणवेशातल्या लोकांना कुलाब्याला नेव्ही नगरात सरकारी घरं. तात्यांसारख्या साध्या कामगारानं आपलं आपण बघायचं. कामाला जवळ म्हणाल तर कुलाबाच. पण आमच्या माणसांपैकी कुलाब्यात कुणी खोली घेतली नाही. तिथलं भाडं झेपण्यासारखं नव्हतं हे खरं, पण घरात दुसरंही कारण सांगायचे.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरची स्फोटकं उडाली. जहाजात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या. आसपासच्या वस्त्या पेटल्या, शेकडो माणसं गेली. आमच्या आज्याचे धाकटे भाऊ तेव्हा मस्जिदला होते. ते वाचले. गावाकडनं ‘परत या’ म्हणून तार गेली, ते आले, आणि पेरण्या उरकल्यावर पुन्हा त्याच गाळ्यात जाऊन राहिले. मग फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलाच्या ‘तलवार’ तळावरच्या नाविकांनी संप केला. २२ तारखेला मुंबईच्या कामगारांनी त्यांच्यासाठी हरताळ पाळला आणि परळ-लालबागच्या रस्त्यांवर गोळीबार झाला. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध लागलं तेव्हा तर आम्ही शाळकरी पोरं सुट्टीला मुंबईत होतो. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, दिवा लावला की खालून कुणीतरी ओरडायचं. आजीचं मत या तीन गोष्टींवर पक्कं झालेलं होतं. ती म्हणायची, “बंदुकीच्या कारखान्यात पोटासाठी जावं, पण झोपावं लांब.” आजी आयुष्यात मुंबईला एकदाच गेली असेल.

बापयांची जागा अशी ठरायची: कामाला फार लांब नको, फार जवळही नको, आणि गावचं माणूस हाकेच्या अंतरावर हवं. पाण्याचा विषय त्यात कधी निघायचा नाही. तो काढला आमच्या चुलतीनं, नानीनं.

नानी साठीच्या दशकात मुंबईला गेली तेव्हा तात्यांनी तिला आधी गाळा दाखवला, मग त्याच्याच आसपासची एक खोली. नानीनं उंबऱ्यातूनच विचारलं, “पाणी किती वाजता येतं? संडास कितीजणांत? पोरांना शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का?” तात्यांना तिन्हींची उत्तरं माहीत नव्हती. इतकी वर्षं तिथं राहून! मग नानीनं नात्यातल्या एका बाईला बरोबर घेतलं आणि हार्बर लाइनची स्टेशनं एकेक करून पायाखाली घातली. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. मचाणावर बसून घर बघणारी नव्हती ती. नळाजवळच्या रांगेत उभी राहायची, हंडा धरलेल्या बायकांशी बोलायची आणि घरी येऊन निकाल द्यायची. एके ठिकाणी नळावर भांडणं फार, म्हणून नको. दुसरीकडं खोली चांगली, पण जिन्याखाली दारूचा धंदा. ससून डॉककडची एक जागा कुणी सुचवली तर घर माळकरी, मासळीच्या वासानं जेवण जाणार नाही, म्हणून तीही गेली. शेवटी शिवडीच्या बीडीडी चाळीत पोटभाड्यानं खोली मिळाली. १६० चौरस फूट, संडास मजल्यावर सगळ्यांत मिळून. पाणी पहाटे, पण नेमानं. शाळा त्याच बाजूला. तात्यांना गाडीनं बोरीबंदरला जावं लागायचं आणि तिथून चालत लायन गेट. ते महिनाभर कुरकुरले.

त्या खोलीत रविवारी मासवडी व्हायची. नानी बेसन आटवायची, ओल्या फडक्यावर पातळ थापायची, त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, लसूण, कोथिंबीर पसरायची आणि फडक्यासकट गुंडाळी दाबत दाबत वळायची. फडकं सोडलं की वडीच्या पाठीवर सुताची वीण उमटलेली दिसायची. गाळ्यातली पोरं त्या दिवशी बरोबर जेवायच्या वेळेला ‘सहज’ यायची. ज्या तात्यांनी ‘इथं गावचं कुणी नाही’ म्हणून तोंड वाकडं केलं होतं, त्यांच्याच दारात चपलांचा ढीग पडायचा. पुढं त्याच मजल्यावर आमच्या शिवेवरच्या गावातली दोन घरं आली. म्हणजे बायका जिथं टिकल्या तिथं गाव मागून आलं.

पुढं गोदीच्या कामगार वसाहतीत, कांजूरमार्गला, तात्यांना क्वार्टर मिळालं तेव्हा पुन्हा तोच वाद. तात्यांचं म्हणणं, तिथं सगळे देशभरचे, मल्याळी, पंजाबी, ओडिया, आपलं कोण? नानीनं एकच विचारलं, “संडास घरात आहे ना?” सामान दुसऱ्या आठवड्यात हललं.

खरं तर जागा निवडायची वेळ गावी राहिलेल्यांवरही आली. डिंभ्याचं धरण झालं आणि ज्या गावावरनं तालुक्याला नाव पडलं ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. आजोळच्या नातलगांना नवी जागा शोधावी लागली. त्यांना कुणी नळाजवळ उभं राहून चौकशी करायची सवड दिली नाही. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. तेही आमच्याच वाटेनं मुंबईला गेलेले, महाळुंगे पडवळचे. गिरणीत कामाला होते आणि १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं त्यांनी जीव दिला.

आता आमच्या पुढच्या पिढीतला एक पुतण्या कारवारला आहे. तिथला ‘कदंब’ नौदल तळ २००५ साली सुरू झाला. त्यासाठीही किनाऱ्यावरची गावं उठली, हे आंबेगावच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पुतण्यानं शहरात काजूबाग, कोडीबाग, बाड अशा भागांतल्या घरांचे फोटो पाठवले. गॅलरी, लिफ्ट, समुद्र किती मिनिटांवर. आमच्यातल्या पुरुषांनी समुद्र पाहून वाहवा केली. नव्वदीला टेकलेल्या नानीनं फोटो बघितलेच नाहीत. कारवारात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे तिला सांगितलं, तर तिनं विचारलं, कपडे वाळत कुठं घालायचे, भिंतीला ओल येते का, आणि शेजारच्या बाईशी बोललास का. पुतण्यानं त्यानंतर दोन घरं सोडली.

माझं मत विचाराल तर आमच्या दोन तालुक्यांनी मुंबईत जे काही बस्तान बसवलं, ते पुरुषांनी गाळ्यात आणि बायकांनी नळावर. पहिल्याचं कौतुक बरंच झालंय. दुसऱ्याची नोंद कुठंच नाही, आणि पहिल्याचीही जी नोंद आहे ती त्या लाल वह्यांत. गाळे विकले गेले, कारभारी वारले, वह्या माळ्यावर आहेत. जुन्नर-आंबेगावच्या ज्या घरांत अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्यावी, आणि देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला समोर बसवून तिनं खोली कशी निवडली ते मागच्या कोऱ्या पानांवर लिहून घ्यावं.